दोन उन्हाळ्यांचं लाकूड

आम्ही इंग्लंडमधल्या केंटमधे सात एकर रान घेतलं हे कळल्यावर ओळखीच्या मराठी मंडळींचा पहिला प्रश्न असायचा की तिथे घर बांधणार का, आणि दुसरा की मग त्यातून मिळतं काय. घर बांधता येत नाही, तशी परवानगीच मिळत नाही. मिळतं ते जळण. २०१६ साली रान घेतलं आणि त्यानंतरची पाचसहा वर्षं तिथलं लाकूड रीतसर, कायद्यात बसवून, कोरडं करून विकता येईपर्यंत गेली. तेच सगळं एकदा सविस्तर लिहितेय, कारण अशीच छोटी रानं घेऊन बसलेले दोनतीन मराठी लोक मला माहीत आहेत आणि आम्ही जिथे अडकलो होतो तिथेच तेही अडकलेत.

आधी रान कसलं ते सांगते. केंट आणि ससेक्समधे पसरलेला वील्ड म्हणून एक पट्टा आहे, चिकणमातीचा, उंचसखल, जागोजागी ओहोळ. सोळाव्या शतकात इथे लोखंडाच्या भट्ट्या होत्या आणि त्यांना लागणारा कोळसा याच रानांतून जायचा. आता वाटेल की भट्ट्यांनी रान खाऊन टाकलं असेल, पण इथल्या लोकांची रीत वेगळी होती. झाड जमिनीलगत कापायचं, बुंधा आणि मुळं तशीच ठेवायची, की त्याच बुंध्यातून दहावीस धुमारे फुटतात. उसाचा खोडवा असतो ना, तसंच अगदी, फक्त वर्षाऐवजी पंधरावीस वर्षं थांबायचं. याला कॉपिस म्हणतात. आमच्या रानात बहुतेक स्वीट चेस्टनटचा असा खोडवा आहे, मधेमधे हॉर्नबीम, हेझल, वर मोठे ओक, आणि ओहोळाच्या कडेने अ‍ॅश. पूर्वी चेस्टनटचे हे सरळ सोट बिअरला लागणाऱ्या हॉप्सच्या मळ्यांत वेल चढवायला जायचे, कुंपणाला जायचे, उरलेलं चुलीत. मग मागणी गेली आणि तोड थांबली. आमच्या शेजारचे एक आजोबा आहेत, ऐंशीच्या पुढचे, आयुष्यभर चेस्टनट फोडून कुंपणाच्या पट्ट्या केल्या त्यांनी, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आमच्या रानात शेवटची कुऱ्हाड १९८०च्या आसपास पडली. म्हणजे जे सोट वीस वर्षांत कापायचे ते जवळजवळ चाळीस वर्षं वाढत राहिले, शेंडे एकमेकांत मिळाले, खाली अंधार झाला. प्रिमरोझ आणि व्हायोलेटसारखी ऊन मागणारी फुलं फक्त वाटेच्या कडेला उरली होती.

मला हे समजायला पूर्ण एक वर्ष लागलं, कारण माझं माहेर चिपळूणजवळचं, डोळ्यांदेखत डोंगर बोडके होताना बघितलेले, आणि जितं झाड तोडायचं नाही हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. इथे रान घेतलं ते राखायला घेतलं अशी माझी समजूत. आजोबांनी वाद घातला नाही. एका मे महिन्यात ते मला त्यांच्या मित्राच्या रानात घेऊन गेले, तिथे तीन वर्षांपूर्वी तोडलेला एक तुकडा होता, अर्ध्या एकराचा असेल. डोक्याच्या वर गेलेले हिरवेगार धुमारे, खाली फुलंच फुलं, फुलपाखरं, आणि कडेच्या न तोडलेल्या भागात तोच आमच्यासारखा अंधार. घरी येताना मी काही बोलले नाही पण मनात पक्कं झालं होतं की तोडायचं, तुकड्यातुकड्याने.

मग सुरू झाली ती खरी प्रक्रिया. आपलं रान आहे म्हणून उद्या उठून तोडता येत नाही. इंग्लंडमधे १९६७चा फॉरेस्ट्री अ‍ॅक्ट आहे. त्यानुसार परवान्याशिवाय एका तिमाहीत ५ घनमीटरपर्यंत लाकूड तोडता येतं, आणि त्यातलंही २ घनमीटरच विकता येतं. छातीएवढ्या उंचीवर, म्हणजे १.३ मीटरवर मोजून कॉपिसचा सोट १५ सेंटिमीटर किंवा त्याहून बारीक असला तर परवाना लागत नाही. वेळेवर तोड झालेल्या रानात ही सवलत पुरते, पण आमचे सोट चाळीस वर्षांचे, बहुतेक पंचवीस सेंटिमीटरच्या पुढचे, म्हणजे आमच्या कामाची नाही. आणि परवान्याशिवाय तोडलं तर तो गुन्हा आहे, २०२३पासून तर दंडाला वरची मर्यादाच नाही. त्यामुळे रान घेऊन आधी करवत घेणाऱ्यांना मी हात जोडून सांगते की आधी कागद करा.

करवतीचंही सांगते. नवऱ्याने आणि मी, दोघांनी २०१७मधे चेनसॉचा कोर्स केला. आधी करवतीची देखभाल आणि पडलेलं लाकूड कापणं, मग ३८० मिलिमीटरपर्यंतची झाडं पाडणं, आणि शेवटी परीक्षा, परीक्षक शेजारी उभा राहून बघतो. स्वतःच्या रानात स्वतःपुरतं काम करताना कुणी सर्टिफिकेट विचारत नाही असं बरेच जण म्हणतात, पण साखळी कशी उलटते, झाड पडताना कुठे उभं राहायचं नाही, हे शिकल्याशिवाय मी कुणालाही हात लावू देणार नाही. त्या हिवाळ्यात आम्ही परवान्याशिवाय चालतं तेवढंच तोडलं, आणि लक्षात आलं की या वेगाने सात एकर व्हायला आमचा जन्म पुरायचा नाही.

२०१८मधे फॉरेस्ट्री कमिशनचे, म्हणजे इथल्या सरकारी वनखात्याचे, वुडलँड ऑफिसर येऊन रान बघून गेले. या भेटीला पैसे पडत नाहीत आणि माझ्या मते छोट्या मालकाला सगळ्यात उपयोगाची हीच मदत आहे. तीन तास फिरलो. त्यांनी एक गोष्ट सांगितली ती तेव्हा साधी वाटली पण पुढे सगळा हिशोब तिच्यावरच उभा राहिला: जळण सगळ्यात शेवटी काढायचं. सरळ, स्वच्छ चेस्टनट कुंपणवाल्याला, चांगला ओक करवतीवर फळ्यांना, आणि वाकडं, गाठींचं, फुटकं ते जळणाला. चांगला सोट जाळला तर मालकाचं नुकसान, आणि वाकडं लाकूड कुणीच घेत नसलं तर चांगला सोट तोडायलाच कुणी येत नाही, कारण फक्त मोजके सोट काढून उरलेला पसारा सोडून जाणं कुणालाच परवडत नाही. जळणाचं गिऱ्हाईक जवळपास असलं तरच बाकीचं गणित जमतं.

त्यांच्याच सांगण्यावरून आम्ही मॅनेजमेंट प्लॅन लिहायला घेतला. कमिशनचा तयार नमुना मिळतो, तो भरायचा. रानाचे विभाग पाडायचे, प्रत्येकात कुठली झाडं, किती वयाची, काय करणार, कधी करणार, आणि ते सगळं यूके फॉरेस्ट्री स्टँडर्डला धरून. तो मंजूर झाला की पुढच्या दहा वर्षांच्या तोडीचा परवाना एकदमच मिळतो. आमचा पहिला अर्ज परत आला, चूक आमची होती, नकाशात विभागांच्या हद्दी एक आणि तक्त्यात क्षेत्र वेगळं. दुसऱ्यांदा मी रानात फिरून प्रत्येक विभागाचे कोपरे जीपीएसवर घेतले आणि मग बेरीज जुळली. तोडलं की पुन्हा झाडं उभी करायची ही परवान्यातली अट असते, कॉपिसमधे बुंध्यातून येणारे धुमारे चालतात, पण ते जगवायची जबाबदारी आपली. आणि इथे हरणं फार. कोवळा धुमारा म्हणजे त्यांना पेढाच. आम्ही तोडलेल्या फांद्यांचंच दाट कुंपण घातलं तुकड्याभोवती, आपल्याकडे काट्यांची वई घालतात ना तसं.

अजून एक पाहुणा निघाला, डॉरमाऊस. अंगठ्याएवढा तांबूस उंदीर, कायद्याने संरक्षित. हेझलच्या फळाला तो अगदी गोल, गुळगुळीत कडेचं भोक पाडतो, आम्ही गुडघ्यावर बसून पाल्यात अशी फळं शोधली आणि सापडली. याचा अर्थ तोड लहान तुकड्यांत, दोन तुकड्यांमधे फांद्यांना फांदी लागलेली राहील अशी, आणि हिवाळ्यात तो जमिनीवर पाल्याखाली झोपलेला असतो म्हणून यंत्र फक्त ठरलेल्या वाटेवरून. पक्ष्यांची घरटी मार्च ते ऑगस्ट, तेव्हा तोड नाही. वील्डची चिकणमाती ओली असताना त्यावर ट्रॅक्टर घातला तर पुढची वीस वर्षं ती चाकोरी बुजत नाही. हे सगळं जुळवून वर्षातले कामाचे आठवडे किती उरतात ते मोजायला बसलं की हाताची बोटं पुरतात.

अ‍ॅशचं दुःख वेगळं आहे. अ‍ॅश डायबॅक नावाचा बुरशीचा रोग ब्रिटनमधे २०१२ साली पहिल्यांदा सापडला आणि केंटला त्याचा फार मोठा फटका बसलाय. आम्ही रान घेतलं तेव्हा ओहोळाकाठचे अ‍ॅश हिरवे होते, २०१९पर्यंत निम्म्यांचे शेंडे वाळलेले. रोगाने मेलेलं अ‍ॅश ठिसूळ होतं, करवत लावल्यावर वरून फांदी कधी मोडून पडेल सांगता येत नाही, म्हणून ते काम आम्ही स्वतः केलंच नाही, कॉन्ट्रॅक्टरच्या मशीनने केलं. सगळे तोडले नाहीत. ज्यांचे शेंडे अजून भरलेले आहेत ते ठेवलेत, त्यांच्यात रोगाला टिकायची ताकद असेल तर त्यांचंच बी पुढे हवं. मेलेल्या अ‍ॅशचं जळण उत्तम झालं, अ‍ॅशमधे मुळातच पाणी कमी, तोडल्यावर साधारण एकतृतीयांश, ओक आणि चेस्टनटमधे जवळजवळ निम्मं. उत्तम जळण आहे खरं, पण ते झाड उभं असायला हवं होतं असं प्रत्येक ओंडक्याला वाटतं मला.

आता वाळवण्याकडे येते. आमची सगळ्यात मोठी चूक इथे झाली.

चिपळूणला आजी मे महिन्यात आगोटीची बेगमी करायची, मीठ, मिरची, कडधान्यं, आणि तितकंच महत्त्वाचं जळण. मृगाच्या आत पडवीत वाशाला टेकेल असा लाकडांचा माच रचलेला असायचा. लाकूड ओलं निघालं की चूल धुमसायची आणि आजी फुंकणीने फुंकत डोळे पुसत राहायची, तिचे ते लाल डोळे मला अजून दिसतात. त्यामुळे कोरडं लाकूड काय असतं हे मला माहीत आहे असं मी धरून चालले. पण कोकणातला एप्रिल-मे वेगळा आणि इथला उन्हाळा वेगळा. २०२०च्या वसंतात पहिल्या तुकड्याचं चेस्टनट आम्ही फोडून रचलं आणि पावसाने भिजू नये म्हणून चारी बाजूंनी ताडपत्रीत गुंडाळलं, घट्ट. ऑक्टोबरात उघडलं तर आत पांढरी बुरशी, कुबट वास, आणि ओलावा मोजायचा मीटर ३१ टक्के दाखवतोय. पाणी बाहेर पडायला वाटच ठेवली नव्हती आम्ही. आजोबा येऊन बघून गेले आणि म्हणाले की वरून टोपी घाला, अंगावर घोंगडी घालू नका.

तेव्हापासूनची पद्धत अशी. तोडल्यावर लगेच लांबी कापायची आणि लगेच फोडायचं, कारण साल पाणी अडवते, आणि फोडलेल्या अंगातून आणि कापलेल्या टोकांतून ते जातं. जमिनीवर ठेवायचं नाही. आम्ही द्रवपदार्थांच्या हजार लिटरच्या टाक्यांचे लोखंडी पिंजरे जुने विकत घेतले, आतली प्लॅस्टिकची टाकी काढून टाकायची, त्यात लाकूड भरायचं, चारी बाजूंनी वारा, फक्त वर पत्रा. पिंजऱ्यांच्या रांगा वाऱ्याच्या दिशेला मोकळ्या राहतील अशा लावायच्या, दोन रांगांत माणूस चालेल एवढी जागा. अ‍ॅश एका चांगल्या उन्हाळ्यात तयार होतं, चेस्टनट आणि हॉर्नबीमला आम्ही दोन उन्हाळे देतो, ओकला कधीकधी तीन. प्रत्येक पिंजऱ्यावर रंगाने तारीख आणि जात.

मीटरबद्दल एक इशारा, कारण यात बरेच जण फसतात. दोन टोच्यांचे मीटर मिळतात ते बहुतेक कोरड्या लाकडाच्या वजनावर टक्के दाखवतात आणि जळणाच्या बाजारात टक्के धरतात ते एकूण वजनावर. शंभर किलो लाकडात वीस किलो पाणी असेल तर बाजाराच्या हिशोबाने २० टक्के आणि मीटरच्या हिशोबाने २५. शिवाय बाहेरून टोचून काही कळत नाही, ओंडका ताजा फोडून आतल्या अंगाला टोचायचं. खात्री हवी असेल तर मी सुरुवातीला करायचे तसं करा, नमुना वजन करून ओव्हनमधे १०५ अंशांवर ठेवायचा, वजन उतरायचं थांबेपर्यंत, जेवढं उतरलं तेवढं पाणी. चांगल्या वाळलेल्या, २० टक्के पाण्याच्या लाकडातून किलोला साधारण ४ युनिट उष्णता मिळते, निम्मं पाणी असलेल्यातून सव्वादोनच्या आसपास. म्हणजे ओलं लाकूड विकणारा माणूस गिऱ्हाइकाला पाणी विकत असतो आणि वर धूर फुकट देत असतो.

कायदाही याच वेळी आला. १ मे २०२१पासून इंग्लंडमधे २ घनमीटरपेक्षा कमी जळण विकायचं असेल तर त्यात २० टक्क्यांच्या आत पाणी हवं आणि 'रेडी टू बर्न'चं सर्टिफिकेट हवं, ते वुडशुअर नावाची संस्था देते. वर्षाला ६०० घनमीटरच्या आत विकणाऱ्या छोट्यांना १ मे २०२२पर्यंत मुदत होती. २ घनमीटर किंवा जास्त एकदम घेणाऱ्याला ओलं विकता येतं पण ते कसं आणि किती वाळवायचं याची सूचना लेखी द्यावी लागते. आमच्या गल्लीतले बरेच मालक तेव्हा म्हणाले की बस्स, आता हे आपल्याच्याने व्हायचं नाही. सर्टिफिकेटची फी, नमुने, नोंदवह्या, विमा, सात एकरवाल्याने हे सगळं कशाकशात बसवायचं.

खरं तर छोट्या मालकाची अडचण त्याच्याही आधीपासूनची. कॉन्ट्रॅक्टर लाकूड बाहेर काढायला त्याचं फॉरवर्डर मशीन मोठ्या ट्रेलरवर घालून आणतो, त्या आणण्यानेण्याचाच खर्च एवढा की वीसतीस टनांसाठी त्याला येणं परवडत नाही. मोठा लाकडाचा ट्रक पंचवीस टनांच्या आसपास नेतो आणि तो आमच्या गल्लीत वळतच नाही. मग मालक म्हणतो गिऱ्हाईक नाही, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो काम नाही, आणि गावातला जळणवाला बाहेरच्या देशातून आलेलं भट्टीत वाळवलेलं लाकूड विकतो, दोन मैलांवर रान उभं असताना. २००७मधे सरकारने इंग्लंडसाठी जळाऊ लाकडाचं धोरण काढलं होतं, २०२०पर्यंत दरवर्षी आणखी २० लाख टन लाकूड रानांतून बाहेर काढायचं. ते आकडे कागदावर चांगलेच होते, पण आजही इंग्लंडमधलं साधारण ४० टक्के रान नीट व्यवस्थापनाखाली नाहीये आणि त्यात अशा विखुरलेल्या छोट्या तुकड्यांचा मोठा वाटा आहे असं मला इथे राहून वाटतं.

आम्ही सहा जण एकत्र आलो २०२१च्या उन्हाळ्यात. एक आम्ही, एक आजोबांचा भाचा, एक शेतकरी ज्याच्याकडे जुनी कोरडी वखार आणि समोर पक्कं अंगण होतं, एक विधवा बाई, त्यांच्या नवऱ्याने १९८७च्या वादळानंतर लावलेले पाइन अजून विरळच केले नव्हते. ते वादळ म्हणजे १५-१६ ऑक्टोबरची रात्र, दक्षिण इंग्लंडमधली दीड कोटीच्या आसपास झाडं एका रात्रीत आडवी झाली होती, इथल्या म्हाताऱ्या माणसांना त्याबद्दल विचारलं की अजूनही बोलता बोलता थांबतात. आणखी दोन मालक लंडनला राहणारे, महिन्यातून एकदा येणारे. करार साधा केला. तोड प्रत्येकाच्या परवान्याप्रमाणे, पण कॉन्ट्रॅक्टर एकच आणि एकाच फेरीत सगळ्यांचं. लाकूड शेतकऱ्याच्या अंगणात, प्रत्येकाचं मोजून नोंदलेलं. फोडायचं मशीन वर्षातून दोनदा आठवडाभर भाड्याने. सर्टिफिकेट एकाच नावावर, आणि नोंदवही माझ्याकडे, कारण पिंजऱ्यांवर तारखा रंगवायची सवय मलाच होती.

कॉन्ट्रॅक्टरचं वागणं त्या दिवसापासून बदललेलं मी बघितलं. आधी फोन उचलायचा नाही, आता जानेवारीतच विचारतो की यंदा किती टन. त्याच्या हाताखाली दोन तरुण मुलं आहेत, त्यांना हिवाळाभर काम हवं असतं, आणि सहा छोटी रानं मिळून तेवढं काम होतं. फार बारीक आणि शेंड्याकडचं जे जळणालाही येत नाही ते तोच चिप, म्हणजे मशीनने बारीक तुकडे, करून नेतो, जवळच्या एका इस्टेटीवर चिपचा बॉयलर आहे. असे बॉयलर २०११पासून आरएचआय (रिन्यूएबल हीट इन्सेंटिव्ह) या सरकारी योजनेत बरेच बसले, वीस वर्षं पैसे मिळण्याच्या बोलीवर, नवीन अर्ज २०२१च्या मार्चअखेर बंद झाले पण बसलेले बॉयलर चालूच आहेत आणि त्यांना चिप लागतेच. त्यांना विकणाऱ्याला बायोमास सप्लायर्स लिस्टवर नाव लागतं, ते त्याने केलंय, आम्हाला त्यात पडावं लागत नाही. जास्तीचं असलं तर सँडविच नावाच्या गावातल्या मोठ्या बायोमास प्लांटकडे जातं.

मग आला २०२२चा हिवाळा. ऑगस्टअखेर जाहीर झालं की ऑक्टोबरपासून सर्वसाधारण घराच्या गॅस-विजेच्या बिलाची वर्षाची मर्यादा १९७१ पौंडांवरून ३५४९ होणार, मग सरकारने ती २५००वर धरून ठेवली, पण घबराट बसायची ती बसली. आमच्याकडे रोज फोन. वर्षानुवर्षं शेगडी न पेटवलेली माणसं लाकूड मागत होती. आमचं तयार लाकूड ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात संपलं. अंगणात अजून तेवढेच पिंजरे उभे होते, पण एकाच उन्हाळ्याचे, मीटर २७, २८. लोक म्हणत होते की द्या तसंच, आम्ही घरात शेगडीजवळ वाळवू, जास्त पैसे देतो. सहा जणांत त्या रात्री बराच वाद झाला. विकलं असतं तर वर्षाचा सगळा खर्च एका महिन्यात निघाला असता आणि आमच्यातल्या दोघांना त्या पैशांची खरोखर गरज होती, हे मी विसरलेले नाही. पण सर्टिफिकेटवर खोटं लिहावं लागलं असतं. आणि माझ्या डोळ्यासमोर आजीची फुंकणी होती. ओल्या लाकडाचा धूर घरात आणि शेजाऱ्याच्या छातीत जातो, धुराड्यात डांबर साठतं आणि ते पेट घेतं. आम्ही दिलं नाही. नवीन गिऱ्हाइकांना नाही म्हटलं, आणि आधीपासूनच्या एकट्या राहणाऱ्या तीन म्हाताऱ्या माणसांसाठी आमच्या स्वतःच्या घरचा साठा अर्धा दिला. त्या वर्षी आम्ही दिवाणखान्यात स्वेटर घालून बसलो.

मापाबद्दलही लिहायलाच हवं, कारण गिऱ्हाईक तिथे दुखावतं. एक घनमीटर भरीव लाकूड फोडून नीट रचलं की साधारण दीड घनमीटर दिसतं आणि नुसतं ओतलं की दोनच्या वर. पहिल्या वर्षी मी 'एक घनमीटर' एवढंच सांगून एका बाईंना ओतलेलं लाकूड दिलं, त्यांनी ते घरी नीट रचलं तर कितीतरी कमी भरलं, आणि त्यांचा समज झाला की मी फसवलं. त्यांची काही चूक नव्हती. मी उरलेलं लाकूड घेऊन गेले, माफी मागितली, आणि तेव्हापासून पावतीवर 'ओतलेलं' की 'रचलेलं' हे लिहिल्याशिवाय गाडी हलत नाही.

कुणी लंडनमधे राहून मला विचारलं की आम्हीही लाकडाची शेगडी बसवू का, तर मी नको सांगते. गॅस आहे, वस्ती दाट आहे, कोरड्या लाकडाचाही थोडा धूर असतोच. आमच्याकडे गॅसची लाइन नाही, घरं लांबलांब, बाकीचे तेलाच्या टाकीवर अवलंबून. तिथे पाच मैलांतलं वाळलेलं लाकूड, नवीन चांगल्या शेगडीत, हे मला पटतं. यातून पगार सुटत नाही हेही सांगून ठेवते, नवऱ्याची नोकरी आणि माझं अर्धवेळ काम आहेच. रानाचा खर्च रानातून निघतो, कॉन्ट्रॅक्टरच्या मुलांना काम मिळतं, आणि विधवा बाईंच्या पाइनची गेल्या वर्षी पहिली विरळणी झाली, त्या रोज संध्याकाळी काठी टेकत बघायला यायच्या.

पहिल्या तुकड्यातले धुमारे आता माझ्या दुप्पट उंचीच्याही वर गेलेत. हरणांनी एक कोपरा खाल्ला होता, तिथे वई पुन्हा घातली. पुढची तोड नोव्हेंबरात, ओढ्यापलीकडचा विभाग, झाडांना खुणा करून झाल्यात, आजोबांना खुर्ची टाकून बसवलं होतं आणि ते बोटाने दाखवत होते की हा ठेव, तो घे. त्यातलं हॉर्नबीम फोडून पिंजऱ्यात भरलं की त्यावर २०२८ लिहायचंय. कोपऱ्यावरच्या घरातल्या बाईंनी त्यातले दोन घनमीटर आत्ताच सांगून ठेवलेत, रचलेले.